रोलवरचं कुंकू

पालेगावच्या जनू गायकरला अंबरनाथच्या एमआयडीसीत जनार्दन म्हणून कोणी ओळखत नसे. 'नखवाला जनू' म्हटलं की मात्र गेटवरचा वॉचमनसुद्धा बोट दाखवायचा, तो बघा, तो चाललाय. उजव्या अंगठ्याचं नख हा गडी कधी मुळापासून कापत नसे. गव्हाच्या दाण्याएवढं राखायचं आणि त्याची कड कानशीवर घासून सारखी करायची. बायको सगुणाबाई वैतागायची. लग्नात नवरदेवाच्या हाताकडे बघून तिच्या आत्यानं विचारलं होतं म्हणे, पोरगा तबला वाजवतो का?

तबला कुठला! पण हे नख कशाला हवं होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. तुमच्या घरातल्या फ्रिजचा दरवाजा बघा. तो पत्रा दोन जाडजूड पोलादी रोलांच्या मधून दाबून काढलेला असतो. रोल आरशासारखा गुळगुळीत असला तर पत्राही तसाच निघतो, आणि लोकांना वाटतं वा, काय छान! छान कसलं डोंबल. अशा गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही, आणि प्रेसमध्ये घालून वाकवायला गेलं की तेल निसटतं आणि पत्रा फाटतो. म्हणून रोल आधी घासून नितळ करायचा आणि मग मुद्दाम खरबरीत करायचा. बंद पेटीत रोल हळूहळू फिरत ठेवायचा आणि हवेच्या जोरानं बारीक पोलादी छर्रे त्याच्यावर मारायचे. रोलवर रव्यासारखा बारीक पोत उठतो. कारखान्यात त्याला 'दाणा' म्हणत. रोलचा दाणा पत्र्यावर उतरतो आणि मग रंग कसा घट्ट धरून बसतो.

दाणा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा पडला पाहिजे, सगळी हुशारी तिथंच. मोजायला मीटर होता, पण तो सुईच्या टोकाएवढ्या जागेचं सांगायचा. जनू आपलं नख रोलवरून अलगद ओढत न्यायचा आणि म्हणायचा, "इथं हाताभर जागेत कमी बसलाय." मीटर लावला की तसंच निघायचं. आणि फक्त नखच हं! बोटाची कातडी रोलला लागू द्यायची नाही. छर्रे मारलेलं पोलाद म्हणजे सोललेलं अंग, घामाचा थेंब लागला तरी दुसऱ्या दिवशी तिथं गंज. एखाद्या नव्या पोरानं उघडं बोट टेकवलं की जनू असा काही ओरडायचा की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर येऊन बघायची.

त्याचा जोडीदार होता वाळू. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतला. पावसाळ्यानंतर कारखान्याच्या आवारातलं गवत कापायला म्हणून आला आणि राहिला तो राहिलाच. आधी झाडू मारायचा, मग छर्रे चाळायचा. एक दिवस पेटीजवळून जाता जाता थांबला आणि म्हणाला, "दादा, पुढचं भोक मोठं झालंय."

"तुला कसं रे दिसलं?" जनूनं विचारलं. पेटी तर बंद होती.

"दिसलं नाय. आवाज पसरट येतोय."

जनू हसला. तरी मशिन थांबवून बघितलं तर छर्रे मारणाऱ्या गनचं तोंड खरोखर झिजलेलं. छर्रे फाकत होते. त्या दिवशी जनूनं त्याला हातातला झाडू ठेवायला सांगितला आणि पेटीपाशी उभं केलं ते चौदा वर्षं. गन झिजली, हवा कमी झाली, छर्ऱ्यात चुरा वाढला, सगळं वाळूला कानानं कळायचं. 'जनूचं नख न् वाळूचा कान' असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि त्यात चेष्टा असली तरी मान होता. पावसाच्या तोंडावर वाळू रानातली शेवळं घेऊन यायचा. सगुणाबाई त्यात काकडाची फळं आणि सुकट घालून अशी भाजी करायची की कारखान्याचा मालक गोपशेठसुद्धा, चांगला उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी माणूस, डब्याचं झाकण उघडून म्हणायचा, "वडी साईं, आज क्या लाया है?"

तर असा हा संसार चालला होता. तो मोडला एका दसऱ्याला.

दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा असते हे काय नवं नाही. सगळं धुऊनपुसून घ्यायचं, झेंडूच्या माळा, ग्राइंडरला हार, कंप्रेसरला हार, आणि प्रत्येकाला हळदकुंकू. फक्त रोलला नाही. फोरमन दौलतरावांचा तो नियम होता. ते म्हणायचे, "मशिन आपली आहे, तिला पाहिजे तशी सजवा. रोल गिऱ्हाइकाचा आहे. पाहुण्याच्या अंगाला हात लावायचा नाही." हळदकुंकवाचं ताट धरायचा मान त्या वर्षी वाळूकडे होता. नऊ दिवस अनवाणी होता बिचारा, म्हणून दौलतरावांनी मुद्दाम त्यालाच दिलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात जनूनं आयुष्यातला सगळ्यात देखणा रोल काढला होता. फ्रिजच्या पत्र्यासाठी होता तो, एका मोठ्या मिलचा. आधी दोनदा दाणा उणाअधिक बसला म्हणून पुन्हा घासावा लागला होता. तिसऱ्या खेपेला जनू आणि वाळू चार दिवस त्याला चिकटून बसले. वाळू आवाज ऐकायचा आणि हवा कमी-जास्त करायचा, जनू नख फिरवायचा. शेवटी वीस ठिकाणी मीटर लावला आणि वीसही आकडे सख्ख्या भावंडांसारखे आले. दौलतराव सहसा कौतुक करत नसत, तेही म्हणाले, "जनू, जमलं रे." मिलचा माणूस सुट्टीनंतर येऊन कोरडा रोल बघणार होता, म्हणून त्याला तेल न लावता नुसता कागद गुंडाळून ठेवला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, सगळे पेढ्यांसाठी ऑफिसकडे गेले. वाळूनं ताट रोलच्या स्टँडजवळच्या टेबलावर ठेवलं आणि तोही गेला. जनू मागे राहिला. म्हटलं, एकदा बघू. कागद बाजूला केला. वरच्या काचेतून ऊन पडत होतं, रोल कसा राखाडी, शांत दिसत होता. आता माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. चोवीस वर्षं ज्यानं कोणाला बोट लावू दिलं नाही, त्या माणसानं ताटातल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि रोलच्या टोकापासून वीतभर आत टेकवला. न्हाऊन आलेल्या लेकराला टिळा लावावा तसा. मग कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि पेढा खायला गेला.

दसरा आणि त्याला लागून आलेली सुट्टी, असे दोन दिवस गेले. हवा दमट होती. तिसऱ्या दिवशी जनूनं सगळ्यांच्या आधी येऊन कागद काढला. कुंकू वाळलं होतं. डिझेलच्या फडक्यानं पुसलं तसं निघालं, पण खाली फिकट तपकिरी सावली राहिली. त्यानं नख फिरवलं. नखाला काहीच लागलं नाही. एकदा, दोनदा, दहादा फिरवलं. नखाला लागत नाही म्हणजे नाहीच, हा त्याचा विश्वास! आणि तिथंच तो फसला. मिलचा माणूस आला, दोन-चार ठिकाणी मीटर लावून मान हलवून गेला. रोल तेल लावून, गुंडाळून रवाना झाला.

दिवाळीच्या तोंडावर रोल परत आला. सोबत पत्र्याचा एक लांब तुकडा आणि मिलचे दोन संतापलेले लोक. पत्रा तिरका धरला की दर चार फुटांवर, म्हणजे रोलच्या दर फेऱ्याला, अंगठ्याएवढा डाग, ओळीनं, एकामागून एक. रंग दिला तरी खालून दिसणारा. सगळा माल नाकारला गेला होता. दौलतरावांनी रोलवरच्या त्या जागी भिंग लावलं, मग पांढरं फडकं ओलं करून घासघासून बघितलं. फडक्याला दाण्यात मुरलेली गुलाबी झाक आली.

"कुंकू," ते म्हणाले. "ताट कोणाच्या हातात होतं?"

सगळ्यांच्या माना वाळूकडे वळल्या. वाळूनं आपल्या बोटांकडे बघितलं. खरंच बघितलं, जणू त्यांना विचारत होता. मग म्हणाला, "माझ्याच हातात व्हतं. हात ओले व्हते. जाता येता लागलं असंल माझंच."

जनू तीन पावलांवर उभा होता. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण त्यानं मिठाची गुळणी धरली. दोन महिन्यांनी दौलतराव निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा जनूला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं, ते एक. पण खरं सांगायचं तर जागेपेक्षा नखाची लाज मोठी होती. नखवाल्या जनूनं उघडा अंगठा रोलला लावला, आणि वर त्याच्या नखाला तो डाग कळलासुद्धा नाही, हे त्या मंडळींसमोर बोलायचं म्हणजे भर बाजारात धोतर सुटल्यासारखं. गोपशेठ ओरडत होता, "इसको थाली दिया किसने?" आणि जनू जमिनीकडे बघत होता.

संध्याकाळी दौलतरावांना एकट्याला गाठून सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी दौलतराव घाईत होते. मग उद्या. मग दिवाळी आली, सणाच्या दिवसांत कशाला? आजचं मरण उद्यावर ढकलण्यात माणसाचा हात कोण धरणार! तोवर वाळूला काढून टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. जायच्या दिवशी वाळू त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "जनूदादा, तू मला माणसात आणलंस, न् मीच माती केली."

जनू म्हणाला, "जाऊ दे."

जाऊ दे! अरे, कोणी कोणाला जाऊ द्यायचं? हे दोन शब्द त्यानंतर जनूच्या घशात काट्यासारखे रुतून बसले. जेवताना, झोपताना, पोराच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा.

जनू फोरमन झाला. नवे मदतनीस आले, त्यांच्या कानात गाण्याच्या वायरी. गन झिजली तरी कळायचं नाही, रोलच्या रोल वाया जायचे. पुढे विजेच्या ठिणग्यांनी दाणा पाडणारं मशिन आलं. ते आकडे कागदावर छापूनच द्यायचं, नखाला कोणी विचारीना. दोन वर्षांपूर्वी जनू निवृत्त झाला. आता तो पालेगावात, जिथं त्यांचं भाताचं शेत होतं तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये शिरला की पत्र्याच्या भिंतीवरून नख फिरवतो. जित्याची खोड, दुसरं काय.

त्या दसऱ्यापासूनच्या अकरा वर्षांत वाळूकडे जायला तो तीनदा निघाला. एकदा बदलापूरला उतरून चहा प्यायला आणि परत आला. एकदा सोनिवलीपर्यंत गेला, तिथं नव्या इमारतींमध्ये वाट चुकली असं त्यानं घरी सांगितलं. तिसऱ्या वेळी पाऊस होता. मनाची समजूत त्यानं एकच घातली होती: वाळू रानातला माणूस, रानात परत गेला, सुखात असेल. या समजुतीवर त्यानं अकरा वर्षं काढली.

ती समजूत एका शुक्रवारी दुपारी दारात उभी राहिलेल्या पोरीनं मोडली.

"काका, ओळखलं का? मी तेजस्वी. वाळू बाबांची मुलगी." वीस वर्षांची, पाठीला सॅक, केसांना रबरबँड. सगुणाबाईनं तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. पोरीनं सॅकमधून एक कागद काढला. आयटीआयमध्ये ग्राइंडरचा ट्रेड केला होता तिनं, वर्गात पहिली आली होती. अंबरनाथमधल्याच एका रोलच्या कारखान्यात तिला अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतलं होतं.

"सोमवारी जॉइनिंग आहे काका. नाही गेली तर सीट दुसऱ्याला देणार. और बाबा है की ऐकतच नाहीत."

"काय बोलतो तो?"

"बोलतात, आपल्या हाताला मशिन सोसत नाही. आपल्या हातात वाईट आहे काहीतरी. मोबाइल दुरुस्तीचं शीक, दुकानात बस, पण मशिनीला हात लावायचा नाही." तिचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत आहे का, तुमच्याकडून आल्यावर दोन कारखान्यांनी बोलावलं होतं त्यांना? त्यांच्या कानाचं नाव होतं ना. गेले नाहीत. पेरणीची पहिली मूठसुद्धा आई टाकते. ताईच्या लग्नात हळद लावायला पुढे आले नाहीत. स्वतःच्या मुलीला, काका! म्हणे, माझा हात नको. एका रोलवरून एवढं?"

जनूला वाटत होतं आपण त्याची नोकरी घेतली. पोरगी सांगत होती की आपण त्याचे हात घेतले. तो समोरच्या कागदाची घडी घालत राहिला.

"ते फक्त तुमचं ऐकतील," तेजस्वी उठताना म्हणाली. "रोज नाव काढतात तुमचं. एकदा बोला ना त्यांच्याशी. प्लीज."

ती गेल्यावर सगुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुमच्या तोंडाचा रंग का उडाला?" तिनं विचारलं. आणि जनूनं, ज्यानं अकरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, तिथंच सोफ्यावर बसून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अकरा वरसं माज्या हातचं जेवलाव, न् मना एक शबूद नाय बोललाव?"

जनू सोफ्याच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"त्याची शेवळं खाल्ली आपण. जाव. पाय धरा त्याचं. न् या वक्ताला चहा पिऊन परत नका येव." म्हणजे बदलापूरच्या चहाचंही तिला ठाऊक होतं. बायकांना काय ठाऊक नसतं!

रविवारी सकाळी जनू निघाला. बदलापुरातून जीप धरली, बारवीच्या रस्त्याला फाट्यावर उतरला आणि चढण चढू लागला. वाटेत वाक्यं जुळवत होता. आधी हे सांगू, मग ते सांगू. वाडीत पोचेपर्यंत सगळी वाक्यं दमून खाली बसली होती.

वाळू ओट्यावर कोयत्याला दांडा बसवत होता. केस पांढरे, अंग मात्र तसंच सडसडीत. जनूला बघितलं आणि कोयता टाकून धावला. "सरू! अगं सरू, जनूदादा आलाय! जनूदादा!" त्याची बायको सरू पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेजस्वी दाराच्या आडून बघत होती. शेजारपाजारची चार माणसं जमली. जनूला खाटेवर बसवून वाळू स्वतः खाली बसला. जनू उठला आणि तोही खाली बसला.

"वाळू, तो डाग मी लावला होता."

"कुठला डाग?"

"रोलवरचा. कुंकवाचा. तुम्ही पेढे खायला गेलात तेव्हा मी कागद काढून अंगठा लावला. तुझं ताट तिथंच होतं. तुझा हात लागलाच नव्हता. माझा अंगठा होता तो. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

झालं. अकरा वर्षांचं ओझं चार ओळींत संपलं. जनूनं मान खाली घातली. वाळूनं शिव्या द्याव्या, कोयता उचलावा, काहीही करावं, तो तयार होता.

वाळू हसला. अगदी मनापासून, जुना वाळू हसायचा तसा.

"जनूदादा, तू काय बदलला नायस," तो म्हणाला. "पोरगी तुझ्याकडं गेलेली ना? मला समजलं व्हतं. रडली असंल तुझ्यापुढं."

"तिचा काही संबंध नाही. मी खरं सांगतोय."

"अरे, तू? रोलला उघडं बोट लागलं तर आमच्या अंगावर धावून यायचास तू. त्या बिहारी पोराला तू आठ दिवस पेटीजवळ फिरकू दिलं नव्हतंस. न् तू कुंकू लावशील? कोनाला सांगतोस?"

"आईशप्पत, वाळू!"

"आईची शपथ नको घालू खोट्याला," वाळू गंभीर होऊन म्हणाला. "म्हातारी देवमाणूस व्हती."

जनू चिडला. कसा दाखवावा आता तो अंगठा? त्यानं तो खरोखर वाळूच्या डोळ्यांपुढे धरला. हा बघ, हाच! त्यानं दिवस सांगितला, ऊन कुठून पडत होतं ते सांगितलं, डिझेलचं फडकं सांगितलं, तपकिरी सावली सांगितली. फोरमनची जागा हवी होती म्हणून तोंड शिवून घेतलं, हेही सांगितलं. स्वतःला नालायक म्हणाला, हरामखोर म्हणाला. आणि तो जसजसा स्वतःला शिव्या देत गेला तसतसा त्या ओट्यावर त्याचा मोठेपणा वाढतच गेला. सरू डोळ्यांना पदर लावून शेजारणीला म्हणाली, "बघ गं बाय. दुसऱ्याचं पाप कोन घेतं आपल्या डोक्यावर? रगताचं मानूस बी घेत नाय."

"माझंच पाप आहे ते!" जनू ओरडला.

"असू दे, असू दे," म्हणून शेजारचा एक म्हातारा त्याच्या पाठीवर थोपटू लागला.

वाळूनं पडलेला कोयता उचलून भिंतीला टेकवला. मग त्यानं पोरीला हाक मारली. "तेजू, उद्या जा कामावर."

तेजस्वी दाराबाहेर आली. "खरंच, बाबा?"

"हा एवढा मोठा माणूस डोंगर चढून माझ्यासाठी खोटं बोलायला आला. आता मी नाय कसा म्हणू? त्यानं माझा डाग आपल्या अंगाला लावून घेतला, तुझ्या अंगाला नाय लागायचा." त्यानं जनूचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्याचा अंगठा आधी स्वतःच्या कपाळाला लावला आणि मग पोरीच्या डोक्यावर ठेवला. "पन एक ध्यानात ठेव. दसऱ्याला मशिनीला कुंकू तू नाय लावायचं. आपला हात नको. जनूकाकाला बोलावून न्यायचं, तो लावंल. त्याचा हात चांगला हाय."

जनूला हात काढून घ्यायचा होता, पण वाळूनं तो घट्ट धरला होता.

सरूनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. जनूनं किती खाल्लं, काय खाल्लं, त्याला सांगता आलं नसतं. सगळी वाडी त्याला वाटेपर्यंत पोचवायला आली. वाळूला पुढे यायचं होतं, पण तेजस्वी म्हणाली, "तुम्ही बसा बाबा, मी सोडते फाट्यापर्यंत."

दोघं उतरू लागले. उतार संपला, रस्ता दिसायला लागला, तेव्हा ती पुढे जाऊन वळून उभी राहिली.

"काका, ते खरं होतं ना?"

"हो."

"डिझेलचं फडकं वगैरे, असं कोणी बनवून सांगत नाही," ती म्हणाली. ओठ आत दाबून ती कुठेतरी दुसरीकडेच बघत होती. जनूला वाटलं, आता ही तरी चार शब्द सुनावेल, आणि सुनावलेच पाहिजेत हिनं. त्याला ते हवंच होतं. तो म्हणाला, "मी परत वर येतो. दौलतरावांना घेऊन येतो पाहिजे तर, त्यांच्यासमोर सांगतो. त्याला पटेपर्यंत सांगतो."

"नको."

"अगं, पण तुझ्या बापाला वाटतंय की त्याचा हात..."

"माहीत आहे मला काय वाटतंय त्यांना!" ती ओरडली. डोळे भरून आले होते, ते तिनं मनगटानं पुसले. "अकरा वर्षं मी बघितलंय. पण आज ते हो बोललेत, तुम्ही मोठे आहात म्हणून. उद्या तुम्ही छोटे झालात तर ते परत 'नाही' बोलतील. तुमचा राग येईल त्यांना, आणि तो सगळा मशिनीवर निघेल. माझी सीट जाईल. उद्या सोमवार आहे, काका."

"मग मी काय करू?"

"गप्प बसा," ती म्हणाली. "येतं ना तुम्हाला. आणि दसऱ्याला कुंकू लावायला या. नाहीतर बाबा विचारतील."

वळणावरून जीप येताना दिसली. तेजस्वीनं हात करून ती थांबवली, पुढची सीट जनूला मिळेल असं बघितलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "भैया, इनको स्टेशन पे आराम से उतारना." जनू चढून बसला. त्यानं खिडकीतून तिच्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग तिनं सांगितलं होतं तसंच केलं.